रबरी माशांची माळ

सिंधूबाईच्या तांबड्या कोंबडीनं गुलाबी गांडूळ पळवलं, तिथून हे सगळं सुरू झालं. गांडूळ खरं नव्हतं. मासे धरायला गळाला लावायचं, रबराचं होतं, वीतभर लांब, पोटाला चांदीची चमकी असलेलं. मोनालीनं ते पडवीच्या कट्ट्यावर गार व्हायला ठेवलं होतं. कोंबडीनं एक टोक चोचीत धरून धूम ठोकली, दुसरं टोक मागून आलेल्या काळ्या कोंबडीनं धरलं, आणि दोघी दोन दिशांना ओढत सुटल्या. रबर ताणलं, हातभर झालं, दोन हात झालं. मग काळीनं चोच सोडली, तसं ते तांबडीच्या तोंडावर असं फाडकन बसलं की ती उडाली आणि थेट आनंदरावांच्या चहाच्या बशीत उतरली.

दौंडकडच्या राहूच्या बेटात नदीकाठाला ही वस्ती. दोन भावांची दोन घरं आणि मधे एकच अंगण. थोरल्या घरात मारुतराव आणि ताईबाई, त्यांचा मुलगा जयसिंग आणि सून मोनाली. समोरच्या घरात धाकटे आनंदराव आणि सिंधूबाई. अंगण एक असल्यामुळे कुणाकडे काय फोडणीला पडलं इथपासून कोण कुणावर रुसलं इथपर्यंत सगळं दोन्ही घरांना एकदमच कळायचं. त्यामुळं कोंबडी बशीत पडली तेव्हा दोन्ही घरं अंगणात हजर होती.

"आक्का," सिंधूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमच्या सुनंच्या कारखान्यापायी माज्या कोंबडीनं धसका घेतला. आता आठ दिस अंडं द्यायची न्हाई ती."

"तुजी कोंबडी तुज्यावरच गेलीया," ताईबाई म्हणाली. "दुसऱ्याच्या कट्ट्यावर काय ठिवलंय ते आधी बघती."

आनंदरावांनी मिशीवरचा चहा पुसला. माणूस सगळ्याच बाबतीत सावकाश, फक्त माशांच्या गोष्टीत घाईचा. "वहिनी, राग मानू नका. चाळीस वर्सं मी ह्या नदीत गळ टाकतोय. कणीक लावली, गांडूळ लावलं, बेडकी लावली. रबराला कोंबडी फसंल, माणूस बी फसंल. मासा न्हाई फसायचा. मासा शाना असतो."

"तवाच इतकी वर्सं तुमाला चुकवून ऱ्हायलाय," ताईबाई म्हणाली.

खरं सांगायचं तर ताईबाईचं मतही दिरासारखंच होतं. मोनालीनं पडवीत हा पसारा मांडून आठ महिने झाले होते आणि या आठ महिन्यांत ताईबाईनं एक दिवस सोडला नव्हता. वास मारतोय, पडवी बाटली, माणसं शेतात राबतात आणि आमची सून रबराचे किडे पाडती. पण ते तिनं म्हणायचं. सुनेला नावं ठेवायचा हक्क सुपारी फुटली त्या दिवशीच तिनं स्वतःकडं घेतला होता, आणि त्यात तिला भागीदार नको होता.

"रबराला मासा लागतो," ती म्हणाली.

"कुणाच्या रबराला?" सिंधूबाईनं विचारलं.

"माज्या सुनंच्या."

"मग दावा की."

"दावते. रविवारी."

"आन् न्हाई लागला तर?"

इथं ताईबाईनं गप्प बसायला हवं होतं. गोठ्यात धार काढणाऱ्या मारुतरावांनी हात थांबवला होता. बायको कुठल्या वळणाला लागली हे त्यांना पाठीमागूनही कळायचं. पण ताईबाई गप्प बसली असती तर ती ताईबाई कसली.

"न्हाई लागला तर मंगळवारी पहिलं ताट तुज्या हातात. मी मागून चालंन."

चैत्रातल्या पहिल्या मंगळवारी भावकीतल्या सगळ्या बायका पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन नदीवर साती आसरांना, पाण्यातल्या देवींना, जातात. पुढचं ताट थोरल्या घरचं. लग्न होऊन आल्यापासून सिंधूबाई सव्वीस वर्षं दुसरं ताट घेऊन चालत आली होती, आणि सव्वीस वर्षं तिनं त्या वाटेवर नदी पाहिली नव्हती, ताईबाईच्या टाचा पाहिल्या होत्या.

"कवापर्यंत?" तिनं सावकाश विचारलं. तिचा आवाज एकदम गोड झाला होता.

"रविवारी म्हशी पाण्यातनं भाईर निघायच्या आत."

"सगळ्यांनी ऐकलं," सिंधूबाई म्हणाली, आणि कोंबडी काखेत मारून घरात गेली. जाताना ती गुणगुणत होती.

*

ताईबाई पडवीत शिरली तेव्हा मोनाली भिंतीला टेकून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आत्या, हे काय केलंत तुम्ही?"

"मी काय केलं ते सोड. तू काय केलंस आठ महिने ते मला दाव. मासा लागतोय का तुज्या रबराला?"

"लागतो. धरणाच्या बॅकवॉटरला लागतो. पुण्याची माणसं घेऊन जातात, फोटो पाठवतात."

"पुण्याची माणसं फोटोत कायबी धरत्यात. इथं आपल्या नदीत लागंल का?"

मोनाली दौंडची. बाप रेल्वेत, आणि सुट्टीच्या दिवशी लेकीला घेऊन नदीकाठाला रॉड लावून बसणारा. पाण्याची आणि माशांची तिला जाण होती, आणि सासूशी खोटं बोलायची तिच्यात हिंमत नव्हती.

"मरळ लागंल," ती म्हणाली. "पण रबराची दोन रंगी मासोळी पायजे. पोट पिवळं, पाठ हिरवी. एकरंगीला आपल्याकडची मरळ भीक घालत न्हाई. आन् दोन रंग मला जमत न्हाईत."

ताईबाईनं पाट ओढला आणि पदर खोचून बसली. "कर. बघू दे."

मोनालीनं तिच्या तोंडाला मास्क बांधला, डोळ्यांपुढं काच आणि दोन्ही गालांवर दोन डबे असलेला. स्वतःला बांधला. मोठा पंखा दाराकडं तोंड करून लावला. दोघी समोरासमोर बसल्या तेव्हा दोन मुंगळे पंचायतीला बसल्यासारखं दिसत होतं.

मग तिनं डबा हलवून दुधासारखं पांढरं पातळ रसायन एका जुन्या पातेल्यात ओतलं. त्या पातेल्याला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायला बंदी होती. पातेलं शेगडीवर चढलं. पांढरं पातळ आधी दाटलं, मग त्याच्या गुठळ्या झाल्या, खरवसासारखा गोळा झाला. ताईबाईला वाटलं, नासलं. पण मोनाली ढवळत राहिली, आणि हळूहळू तो गोळा सैल होत, ढिला होत, काचेसारखा नितळ झाला. मोनालीनं करोनात कपाळाला लावायचे तसलं पिस्तूल त्याच्यावर रोखलं.

"एकशे सत्तर," ती म्हणाली. त्यात पिवळ्या रंगाचे थेंब सोडले, आणि बारीक धारेनं साच्यात ओतलं. साचा प्लास्टरचा होता, तिनं स्वतः पाडलेला: हातभर लांब लादी, त्यात एका ओळीत बारा मासोळ्यांचे खड्डे, एकीच्या शेपटाजवळ थोडी जागा सोडून दुसरीचं तोंड. प्रत्येक खड्डा निम्मा पिवळ्यानं भरला. मग दुसऱ्या पातेल्यातलं हिरवं आणलं आणि वरून ओतलं. गार झाल्यावर मासोळी उचलली तर पाठ हातात आली आणि पोट साच्यात राहिलं.

"थांबले की असं सुटतं," मोनाली म्हणाली. "न्हाई थांबले तर दोन्ही रंग मिसळतात आन् शेणाचा रंग हुतो. किती थांबायचं ते फोनवर बी कुणी नीट सांगत न्हाई."

ताईबाई मघापासून काही बोलली नव्हती, ही घरातली मोठीच घटना होती. ती त्या पातेल्याकडं बघत होती. दुसरीतून शाळा सोडलेली बाई. एसटीची पाटी वाचायची ती पण आगाराच्या नावापुरती. पण तिच्या बापाची शिरूरच्या पेठेत साखरेच्या गाठ्यांची भट्टी होती. होळी-पाडव्याच्या आधी महिनाभर तिथं साखरेचा पाक उकळायचा आणि लाकडी साच्यांत ओतला जायचा, आणि सातव्या वर्षापासून लग्नापर्यंत ताईबाईचे हात त्याच कामात होते.

"ह्यो तर पाक हाय," ती मास्कमधून म्हणाली. आवाज घागरीतून आल्यासारखा आला.

"काय म्हणालात?"

"पाक हाय, पाक. आठ महिने माज्या पडवीत पाक करतीस आन् मला इचारत न्हाईस. सरक."

"आत्या, लय गरम असतं. भाजंल."

"मला भाजायला पाक नवीन हाय व्हय?" तिनं मनगटावरचे चट्टे दाखवले. मोनालीनं मुकाट्यानं हातमोजे पुढं केले, ताईबाईनं ते नव्या नवरीसारखे नखरे करत घातले.

तिनं एकाच खड्ड्यात पिवळं ओतलं. मग साच्यावर वाकली, मास्क वर केला, हलकीशी फुंकर घातली आणि पुन्हा मास्क लावला. पिवळ्यावर काही झालं नाही. चार श्वास थांबली, पुन्हा फुंकर. यावेळी वरच्या अंगाला केसाएवढी सुरकुती आली आणि लगेच मिटली.

"आता," ती म्हणाली, आणि हिरवं सोडलं.

मासोळी निघाली ती पोट पिवळं, पाठ हिरवी, आणि मधली रेघ अशी की पट्टी लावून कुणी ओढावी. मोनालीनं ओढली, पिळली, चावायचं तेवढं ठेवलं. शेवटी मासोळी मधोमध तुटली, पण जोड सुटला नाही.

"तुज्या पिस्तुलाला काय कळतंय," ताईबाई म्हणाली. "तोंड बघावं त्याचं."

त्यानंतरचे दोन दिवस पडवीत जे झालं त्याला कारखाना म्हणणं बरोबर नाही. ताईबाईला रंगांची बाधा झाली. वांग्याच्या रंगाची पाठ आणि लिंबाच्या सालीचं पोट. मोरपंखी पाठ, शेंदरी पोट. एक मासोळी तिनं तीन रंगांत केली आणि तिला चमकीचा मळवट भरला. एक केली ती अगदी सिंधूबाईच्या दिवाळीच्या साडीच्या रंगाची, किरमिजी आणि पोपटी. ती बघून मोनालीला हसू आवरेना, मास्कमध्ये हसली की काचेला वाफ धरायची आणि ओतायचं चुकायचं, आणि चुकलं की दोघी पुन्हा हसायच्या. शुक्रवारी कंपनीतून आलेला जयसिंग दारात उभा राहिला. त्याच्या आईनं आणि बायकोनं लग्नाला सहा वर्षं होऊनही एकमेकींना टाळी दिलेली त्यानं कधी पाहिली नव्हती.

"आई, जेवायला काय हाय?" त्यानं घाबरत विचारलं.

"किडे," मोनाली मास्कमधून म्हणाली, आणि ताईबाई पाटावरून घसरली.

रंगाच्या या नादात झालं असं, की सगळ्या मासोळ्या सुंदर झाल्या आणि रविवारच्या कामाची एकही झाली नाही. मळवटवाली मरळीला दाखवून उपयोग नव्हता. डब्यात शेवटचं तळाचं रसायन उरलं होतं, पिवळ्या-हिरव्या दोन लाद्या होतील एवढंच.

*

शनिवारी मोनाली गळ आणायला एसटीनं दौंडला गेली. जाताना बजावून गेली, "आत्या, मी आल्यावर ओतू."

ताईबाई अर्धा तास थांबली. तिच्या हिशोबानं हे फार झालं.

तिनं पंखा लावला, मास्क बांधला, शेगडी पेटवली. घर रिकामं होतं, हात सैल होते, पातेल्यातलं पिवळं नितळ झालं होतं. तिच्या डोळ्यांपुढं भट्टी आली, बापाची बंडी आली, साच्यांच्या ओळी आल्या. निम्मं ओतलं. फुंकर घातली. सुरकुती आली. आणि मग हातानं आपल्या मनानं जे करायचं ते केलं: गोधडीचा जाड पांढरा दोरा उचलला, पहिल्या मासोळीच्या तोंडापासून बाराव्या मासोळीच्या शेपटापर्यंत सरळ ताणून त्या पिवळ्यावर ठेवला, आणि वरून हिरवं सोडलं. पहिली लादी झाली. तिनं दुसरीही तशीच केली. काय सुंदर धार पडत होती.

गार झाल्यावर तिनं टोक धरून उचललं. मासोळी आली. तिच्या मागून दुसरी आली. मग तिसरी. बाराच्या बारा मासोळ्या एका दोऱ्यात ओवलेल्या, पाडव्याच्या गाठीसारख्या तिच्या हातातून लोंबू लागल्या.

गाठी माळेत असते, गळ्यात घालायची असते, म्हणून निम्मा पाक, मग दोरा, मग निम्मा पाक. मासोळीला दोऱ्याचं काय काम? तिचा पहिला विचार असा, की कुणी बघितलेलं नाही. दुसरा असा, की दोऱ्याचा गुंडा इथं ठेवला कुणी.

मोनाली आली. तिनं दोन्ही माळा हातात घेतल्या, एक मासोळी हलवून पाहिली, आणि पायरीवर बसली. तिचे खांदे हलायला लागले.

"रडायला काय झालं," ताईबाई म्हणाली. "आमच्यात आसंच करत्यात."

मोनाली हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. "आत्या, शेपूट हललं पायजे. सगळा खेळ शेपटाचा. ह्यांच्या पार शेपटापर्यंत दोरा गेलाय. काठीगत ताठ झाल्यात."

"मग काढ दोरा."

"फाटंल."

"वितळव."

"दोरा जळून सगळं काळं हुईल. आन् नवा डबा कुरिअरनं यायला पाच दिवस."

अंगणापलीकडं सिंधूबाई हरभऱ्याची डाळ निवडत होती. पुरणाची. येत्या मंगळवारचं पुरण, आणि ती ओसरीच्या अगदी पुढं, सगळ्यांना दिसेल अशी बसली होती.

"मंगळवारी पुरण तू वाट," ताईबाई शेवटी म्हणाली. "माजा हात दुखतोय." नैवेद्याच्या पुरणाला तिनं आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता; संसाराच्या जवळपास पस्तीस वर्षांत तिच्या तोंडून निघालेली ही सगळ्यात मोठी माफी होती. मोनालीला ती कळली.

*

रविवारी नदीकाठाला भावकी लोटली. सिंधूबाईनं भेळ आणली होती, जणू तमाशाला आली. आनंदराव आपल्या नेहमीच्या दगडावर, नेहमीच्या कणकेच्या गोळ्या घेऊन बसले होते. जलपर्णीच्या हिरव्या पट्ट्यांमध्ये पाण्याच्या मोकळ्या गल्ल्या होत्या आणि मधल्या डोहात अकरा म्हशी डोळे मिटून बसल्या होत्या.

मोनालीनं आधी जुन्या, जोड नीट न बसलेल्या मासोळ्या लावल्या. बारक्या चिलापी माशांनी दोन मिनिटांत त्यांची शेपटं कुरतडून नेली. रॉड हलायचा, गळ रिकामा यायचा, येताना अर्धी मासोळी आणायचा. तीन गेल्या, पाच गेल्या, सात गेल्या.

"मासं जेवत्यात छान," आनंदराव म्हणाले. "पाव्हणचार चाललाय."

मग तिनं एका माळेतल्या मासोळ्या कापून सुट्या केल्या आणि एकेक लावली. त्या पाण्यातून अशा आल्या जशी कुणी पेन्सील ओढतंय. चिलापींनीसुद्धा तोंड लावलं नाही. ऊन चढलं. भेळ संपली. डोहातली एक म्हैस उठून उभी राहिली आणि सगळ्यांच्या नजरा तिच्याकडं गेल्या.

"बस की बये," ताईबाई तिला म्हणाली.

म्हैस बसली. सिंधूबाईनं पदराआडून म्हटलं, "आक्का, मंगळवारी मागून चालताना जरा अंतर ठिवा. मला टाचंला ठेचा खायची सवय न्हाई."

ताईबाईला समोर ते ताट दिसलं, सिंधूबाईच्या हातात, पोळीवर तुपाचा गोळा, आणि आपण मागं. आयुष्यात प्रथम तिला मागं चालणं म्हणजे काय असेल याचा अंदाज आला, आणि तो अजिबात आवडला नाही.

"दुसरी माळ काढ," ती मोनालीला म्हणाली.

"ती कापून बी तशीच येणार, आत्या."

"कापू नको. आख्खी टाक."

"आख्खी? बारा?"

"बारा जड व्हतील तर पाच टाक. पण एकेक सुटी करायची न्हाई. माज्या हातची माळ हाय, ती माळ म्हणूनच पाण्यात जाईल."

यात शहाणपण कुठलंच नव्हतं, निव्वळ हट्ट होता. पण मोनाली थकली होती आणि सासूशी वाद घालण्यापेक्षा माळ टाकणं सोपं होतं. तिनं पाच मासोळ्यांचा तुकडा तोडून घेतला, सातचा बाजूला ठेवला, शेवटच्या मासोळीच्या पोटात गळ ओवला, आणि जलपर्णीच्या कडेनं माळ भिरकावली. काठावरची सगळी भावकी हसली. नदीला हार घातला, कुणीतरी म्हणालं.

मोनालीनं रीळ फिरवायला सुरुवात केली आणि तिचा हात हळू झाला.

एकेक मासोळी ताठ होती, खरं. पण दोन मासोळ्यांच्या मधला दोरा मोकळा होता. पहिली डावीकडं वळली की दुसरी उजवीकडं, तिसरी पुन्हा डावीकडं. पाच हिरव्या पाठी पाण्याखालून नागमोडी निघाल्या, लहान मासोळ्यांची रांग आईच्या मागून जावी तशी. एक चिलापी आली, शेपूट धरून ओढू लागली. दोरा तुटला नाही. दुसरी आली. आनंदराव दगडावरून उठून उभे राहिले होते, हे त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं.

"हळू," ते म्हणाले. "पोरी, हळू. जलपर्णीच्या खाली कायतरी हाललं."

"अवो, तुम्ही गप बसा," सिंधूबाई म्हणाली.

चिलापी एकदम पांगल्या. पाणी फुगलं, एक काळं रुंद डोकं वर आलं, आणि पाचही मासोळ्या एका घासात दिसेनाशा झाल्या.

मोनालीच्या हातातला रॉड अर्धा वाकला आणि ती घसरत घोट्याएवढ्या चिखलात गेली. ताईबाईनं मागून तिच्या कमरेला मिठी मारली. सून पाण्याकडं, सासू काठाकडं. रीळ किरकिरत होतं. ताईबाईची एक चप्पल चिखलात राहिली, दुसरी म्हशींकडं गेली. मरळ जलपर्णीकडं सुटली.

"तिकडं जाऊ देऊ नका," आनंदराव ओरडले. "मुळ्यांत शिरली की गेली. सैल सोड. ओढ. आता सैल. अगं ओढ की."

"आवो, तुम्ही कुणाच्या बाजूचं?" सिंधूबाईनं त्यांचा सदरा धरला.

सदरा तिच्या हातात राहिला. चाळीस वर्षं गळ टाकणारा माणूस डोळ्यांदेखत मरळ जलपर्णीत जाताना बघूच शकत नाही. बायको, पैज, पहिलं ताट, काही असो. आनंदराव बनियनवर कमरेएवढ्या पाण्यात घुसले, जलपर्णीच्या आणि मरळीच्या मधे उभे राहिले, वाकले, आणि उठले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांच्या कवेत तान्ह्या पोरासारखी चार किलोची मरळ होती. तिच्या जबड्यातून ताईबाईची माळ लोंबत होती. मरळीनं शेपटीनं त्यांच्या एका गालावर वाजवली, मग दुसऱ्या. ते हसत होते. आख्ख्या जन्मात ते असे हसले नव्हते.

काठावर येता येता त्यांना सिंधूबाई दिसली, आणि हसू मावळत गेलं.

"आता बायको ध्यानात आली व्हय?" सिंधूबाई म्हणाली. मग तिला एकदम सुचलं. ती वळली. "आक्का, मासा ह्यांनी धरला. आमच्या घरानं धरला. ताट आमचं."

"धरायचं कोण म्हणालं व्हतं?" ताईबाई चिखलात बसल्या जागेवरून म्हणाली. तिच्या कानातलं एक फूल आणि अर्धा अंबाडा सुटला होता. "मी म्हणाले, लागला पायजे. भावजी, मासा कशाला लागलाय ते सांगा. देवाला स्मरून."

आनंदरावांनी मरळीकडं बघितलं. मग बायकोकडं. मग पुन्हा मरळीकडं.

"रबराला," ते बारीक आवाजात म्हणाले.

डोहातनं अजून एकही म्हैस बाहेर निघाली नव्हती.

*

मंगळवारी पुरण मोनालीनं वाटलं. पहिलं ताट ताईबाईनं घेतलं.

वस्तीवरून नदीवर जायची वाट दीडशे पावलांची. ताईबाईनं त्या दिवशी ती गोठ्यामागून, कांद्याच्या चाळीला वळसा घालून, विहिरीवरून अशी काढली की ताट सिंधूबाईच्या ओसरीपुढून दोनदा गेलं. मागं मोनाली, तिच्या मागं सिंधूबाई दुसरं ताट घेऊन, आणि मग बाकीच्या.

"आक्का, पोळी गार व्हतीया," सिंधूबाई म्हणाली.

"आसरा पाण्यातच ऱ्हात्यात. त्यांना गार चालतंय."

आनंदराव ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते. दोन्ही गाल अजून लाल होते. ताटं पुढून गेली तसे ते हळूच दोन पायऱ्या उतरले आणि मोनालीच्या जवळ येऊन कुजबुजले, "मोनाली, नवा डबा आला की मला एक माळ. हिरव्या पाठीची. सातची. घरात कुणाला बोलू नको."

मोनाली मान डोलवणार, तेवढ्यात पुढून, मागं वळून न बघता, सगळ्या वाटेला ऐकू जाईल अशा आवाजात ताईबाई म्हणाली, "भावजींना सांग, नंबर लागंल तवा मिळंल. आन् सातची न्हाई मिळायची. सातची मी माज्यासाठी ठिवलीया."